१२८ किलोबाइटची स्मृती

१९९८ साली सेगा या जपानी कंपनीने ड्रीमकास्ट हा गेम कन्सोल बाजारात आणला. खेळाडूने गाठलेला टप्पा साठवण्यासाठी त्याला तळहातावर मावणारे मेमरी कार्ड होते. ‘व्हीएमयू’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या कार्डाला ४८ × ३२ बिंदूंचा स्वतःचा पडदा, ८ बिटांचा प्रोसेसर आणि १२८ किलोबाइटची फ्लॅश स्मृती होती. नाण्याच्या आकाराच्या दोन बॅटऱ्या संपल्या, की घड्याळ आणि पडदा बंद पडे. फ्लॅशमधील नोंदी मात्र तशाच राहत.

२००१ मध्ये सेगाने ड्रीमकास्टचे उत्पादन थांबवले. अशा वेळी खरा धोका बिट पुसले जाण्याचा नसतो. ते वाचण्याची रीत विस्मरणात जाण्याचा असतो. ड्रीमकास्टच्या बाबतीत ही रीत टिकून राहिली, ती हौशी प्रोग्रामरांच्या चिकाटीमुळे. कन्सोलच्या हिताची एसएच-४ प्रोसेसरवर त्यांनी लिनक्स चालवले आणि २००९ मध्ये व्हीएमयूच्या फ्लॅशसाठीचा ड्रायव्हर लिनक्सच्या अधिकृत कर्नलमध्ये समाविष्ट झाला. तोवर उत्पादन थांबून आठ वर्षे लोटली होती.

हे काम वाटते तितके सरळ नव्हते. कार्ड कंट्रोलरच्या खाचेत बसते आणि ‘मेपल’ नावाच्या बसवरून कन्सोलशी संवाद साधते. आपल्यात विभाग किती, एक ब्लॉक केवढा आणि तो लिहिण्यास किती टप्पे लागतात, हे कार्ड स्वतःच सांगते. ड्रायव्हर ही माहिती घेऊन कार्डाला ‘एमटीडी’ या, कच्च्या फ्लॅशसाठी असलेल्या लिनक्सच्या स्तरापुढे उभे करतो.

परंतु बाइट हाती आले म्हणजे फाइल हाती आली, असे नव्हे. कार्डावर ५१२ बाइटचे २५६ ब्लॉक असतात. कोणत्या ब्लॉकनंतर कोणता वाचायचा, याचा तक्ता त्यांपैकी एकाच ब्लॉकमध्ये मावतो: २५६ नोंदी, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे नेमके ५१२ बाइट. त्याखेरीज १३ ब्लॉक फाइलींच्या सूचीसाठी आणि एक मूळ माहितीसाठी राखलेला असतो. खेळाडूच्या वाट्याला येतात २०० ब्लॉक. ही मांडणी उमगणारी फाइल सिस्टीमही लिहिली गेली. अधिकृत कर्नलमध्ये मात्र तिला स्थान मिळाले नाही. तक्ता ठाऊक नसेल, तर तेच १२८ किलोबाइट म्हणजे अंकांचा निरर्थक ढीग ठरतो.

खेळातील गुणसंख्या हरवली, तर फारसे बिघडत नाही. परंतु प्रयोगशाळेतील उपकरणाने बंदिस्त स्वरूपात साठवलेली मोजमापे याच वाटेने नाहीशी होऊ शकतात. उपकरण बनवणारी कंपनी उठून जाते, डिस्क शाबूत राहते आणि निरीक्षणे मुकी होतात. विदा टिकवण्यासाठी तीन गोष्टी लागतात: माध्यमाशी जोडणी, बाइट वाचण्याची सोय आणि त्यांच्या मांडणीचे खुले वर्णन. पहिल्या दोन गोष्टी खटपटीने पुन्हा उभ्या करता येतात. तिसरी वेळीच लिहून ठेवावी लागते.