कपाटाची दारं बदलायची की झाकायची? यवतमाळच्या हवेत वॉलपेपर आणि कापड कसं टिकवायचं

कपाट ठणठणीत आहे, पण दारांचा सनमायका जुनाट दिसतोय. नवी दारं करायची तर सुताराचा खर्च आला. म्हणून दारांवर वॉलपेपर किंवा कापड चिकटवण्याचे रील्स भरपूर फिरतायत. तीस सेकंदांत दार नवं होतं! फक्त त्या रील्समध्ये यवतमाळचा उन्हाळा नसतो आणि कूलरही नसतो.

काम कधी करायचं?

हा प्रश्न डिझाइनपेक्षा महत्त्वाचा आहे. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या कोरड्या हवेत गोंद पसरवेपर्यंतच सुकायला लागतो, कागद सरकवून सरळ करायला वेळ मिळत नाही. बरं, कूलर लावून काम केलं तर उलटी अडचण. खोलीत दमटपणा वाढतो, कागद ओलावा पिऊन फुगतो आणि पुढे सुकताना आकसतो. मग कडा उचलल्या जातात. पावसाळ्यात तर लाकडातच ओल असते.

त्यामुळे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस यासाठी सगळ्यात सोयीचे. आणि कपाट कूलरच्या झोतासमोर असेल तर तिथे कागद लावूच नका, व्हिनाईल लावा.

कुठे काय लावायचं?

स्वयंपाकघरात कापड नको. सुती कापड फोडणीचा तेलकट धूर शोषून घेतं आणि तो डाग पुसून निघत नाही. शेगडीच्या वरच्या आणि अगदी बाजूच्या दारांवर तर कापड, कागद, व्हिनाईल काहीच चिकटवू नका. कापड-कागद पेट घेतात, व्हिनाईल वितळतं. ओट्याखालच्या दारांना पुसता येणारं व्हिनाईल चालतं. कापडाची खरी जागा म्हणजे बेडरूममधलं कपाट किंवा पुस्तकांचं शोकेस.

किती लागेल?

वॉलपेपरचा नेहमीचा रोल ५३ सेंटीमीटर रुंद आणि सुमारे १० मीटर लांब असतो, म्हणजे साधारण ५७ चौरस फूट. दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी सहा दारं असतील, तर कडा आत वळवूनही एक रोल पुरून उरतो. कापडाचं म्हणाल तर जुनी सुती साडी उत्तम. साडेपाच मीटरच्या साडीत ही सहा दारं आरामात होतात, आणि काठ दाराच्या खालच्या बाजूला घेतला तर वेगळी नक्षी शोधावी लागत नाही. (आईला विचारल्याशिवाय साडी कापू नका.) कापड नवं असेल तर आधी धुऊन घ्या, कारण सुती कापड आटतं.

चिकटवायचं कसं?

आधी दार बिजागरीतून काढा आणि हँडलही सोडवा. भांडी घासायच्या साबणाने तेलकटपणा घालवा, पूर्ण वाळू द्या. सनमायका गुळगुळीत असतो, गोंदाला पकड मिळत नाही. म्हणून बारीक पॉलिश पेपर हलकाच फिरवा. फेविकॉलसारखा पांढरा गोंद थोडं पाणी घालून ब्रशने पातळ लावा, मधून कडेकडे जुन्या एटीएम कार्डाने हवा काढत जा. कडा दाराच्या मागे इंचभर वळवा. दार पार्टिकल बोर्डचं असेल तर पाणी जपूनच वापरा, ओल लागली की ते फुगतं आणि पुन्हा बसत नाही.

मैद्याची खळ स्वस्त पडते, शिवाय ओल्या फडक्याने सुटते, म्हणून भाड्याच्या घरात ती लावायचा मोह होतो. पण खळ म्हणजे झुरळांना आणि कसरीला जेवण! पुस्तकं बांधणारे यासाठी खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, घरच्या कपाटासाठी तो प्रयोग नको.

छीट ते वॉलपेपर

कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला ही गोष्ट आवडेल. सतराव्या शतकात भारतातलं छापील सुती कापड, म्हणजे छीट, युरोपात इतकं खपलं की लोक ते भिंतींवरही लावू लागले. तिथल्या विणकरांचा धंदा बसायला लागला. फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनेही १७२१ मध्ये कायदा करून बहुतेक छापील सुती कापडाचा वापर बंद केला. तिकडच्या वॉलपेपरवाल्यांनी याच छिटांच्या वेलबुट्ट्या कागदावर छापल्या. आज ऑनलाइन मिळणाऱ्या फुलाफुलांच्या रोलवर त्यातल्याच काही वेली दिसतात.

आणि लोखंडी कपाट?

लोखंडी कपाटाच्या रंगावर पांढरा गोंद नीट धरत नाही. तिथे एकतर स्वतः चिकटणारं व्हिनाईल लावा, किंवा कापडाच्या वरच्या-खालच्या कडेला चुंबकाची पट्टी शिवून घ्या. कापड दारावर तसंच बसतं, धुवायला काढता येतं आणि घर सोडताना घडी घालून सोबत नेता येतं.