ताम्रपटातील करमाफी आणि भाडेकरूचे छप्पर

१/ कौंडण्यपूर : अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील वर्धाकाठचे गाव. परंपरेनुसार विदर्भाची प्राचीन राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर. रुक्मिणीहरणानंतर पराभूत झालेला तिचा भाऊ रुक्मी लाजेने या नगरीत परतला नाही. त्याने भोजकट वसवले, असे पुराणे सांगतात. करसवलत आणि भाड्याच्या घरांची ही कथा त्या भोजकटापासून सुरू होते.

२/ भोजकट हे नाव केवळ पुराणांतले नाही. अचलपूरजवळच्या चम्मक येथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातील ताम्रपट सापडला. भोजकट राज्यातील चर्मांक हे गाव १,००० ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद त्यात आहे.

३/ राजाने त्या गावाच्या करांवर पाणी सोडले. सैनिकांनी गावात शिरू नये. गाई-बैल, फुले, दूध यांची मागणी करू नये, असे ताम्रपट बजावतो. मात्र माफी बिनशर्त नव्हती. राजद्रोह, चोरी, युद्ध किंवा इतर गावांना उपद्रव घडल्यास दान काढून घेण्याचा अधिकार राजाने राखून ठेवला होता.

४/ तत्त्व स्पष्ट आहे. राज्य स्वतःचे उत्पन्न सोडते, त्या बदल्यात विशिष्ट वर्तनाची अपेक्षा ठेवते आणि अट मोडताच माफी संपते. आधुनिक करसवलतीचा गाभा हाच. विसाव्या शतकात स्वस्त भाड्याची घरे टिकवण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा मात्र राज्याने दुसरे साधन निवडले : मनाई.

५/ दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांत घरांची तीव्र टंचाई होती. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९४६ मध्ये जागा भाड्याने देण्याच्या नियमनाचा कायदा केला. त्याखाली १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश निघाला. कंट्रोलरच्या लेखी पूर्वपरवानगीविना घरमालकाला भाडेपट्टा संपवण्याची नोटीससुद्धा देता येत नसे.

६/ १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र स्थापन झाला. परंतु भाड्याचे कायदे तीनच राहिले. मुंबई व पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा आणि विदर्भात हा आदेश. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० रोजी अमलात आला, तेव्हा कुठे राज्यभर एक कायदा झाला.

७/ या कायद्यांनी सामान्य भाडेकरूला मोठे संरक्षण दिले, हे विसरता येत नाही. परंतु मुंबईच्या कायद्याने जुन्या घरांचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. महागाई वाढत गेली, भाडे तेथेच थांबले. त्या भाड्यात डागडुजी परवडेनाशी झाली. अखेर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक आता वाजवी राहिली नसल्याचे म्हटले.

८/ करसवलत या व्यवस्थेत आली, ती आडवाटेने. घरपट्टी वार्षिक भाडेमूल्यावर ठरत असे. दिवाण दौलतराय कपूर खटल्यात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भाडे नियंत्रण लागू असलेल्या इमारतीचे हे मूल्य प्रमाण भाड्याच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे भाडे कमी, तर घरपट्टीही कमी. नगरपालिकेने उत्पन्न सोडले, पण त्या बदल्यात छप्पर शाकारण्याची अट कोणावरही आली नाही. चम्मकच्या ताम्रपटात माफी होती आणि अटही होती. येथे केवळ माफी उरली.

९/ मुंबईने १९६९ मध्ये उलटा मार्ग धरला. सवलतीऐवजी बेट शहरातील जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला आणि त्यातून दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ काम करू लागले. आरंभी अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. ही व्यवस्था मुंबई बेटापुरती होती. अमरावती-अकोल्याच्या जुन्या वाड्यांना तिचा आधार नव्हता.

१०/ न्यूयॉर्कने १९५५ मध्ये दोन्ही टोके जोडली. तेथील जे-५१ योजनेत इमारत सुधारणाऱ्या मालकाला मालमत्ता करात सूट मिळत असे आणि सूट चालू असेपर्यंत भाड्याची घरे भाडे नियंत्रणाखाली राहत. १९८६ च्या अमेरिकी करकायद्यानेही अल्प उत्पन्न गटाच्या भाड्याच्या घरांसाठी करातून वजावट दिली. त्यातली एक अट, भाडे ठरलेल्या मुदतीपर्यंत मर्यादेत ठेवायचे.

११/ भारतातही अटींसह सवलत आली. २०१६ मध्ये आयकर कायद्यात परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पांसाठी ८०-आयबीए हे कलम आले. २०२१ मध्ये अधिसूचित भाडे गृहप्रकल्पांनाही त्यात स्थान मिळाले. परंतु त्यातील नफ्याची वजावट प्रकल्प उभारणाऱ्याला होती. जुना वाडा दुरुस्त करून पूर्वीच्याच भाडेकरूला माफक भाड्यात ठेवणाऱ्या मालकासाठी ते कलम नव्हते.

१२/ अशा वाड्यातील भाडेकरूला कायदा घराबाहेर काढू देत नाही. पावसाळ्यात ढासळणारी भिंत मात्र कायद्याला जुमानत नाही. भिंत पडली की संरक्षण कागदावर उरते आणि स्वस्त घर नाहीसे होते. राज्याने काय सोडावे आणि बदल्यात काय मागावे, हे दोन्ही एकाच पत्रावर कोरण्याची रीत वऱ्हाडाच्या मातीत दीड हजार वर्षांपूर्वीच होती.