वारावरचा विद्यार्थी आणि फुटबॉलचे मैदान

आपल्याकडे एके काळी गरीब घरचा हुशार मुलगा शिक्षणासाठी पुण्यासारख्या शहरात आला की तो वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात दिवस त्याने वाटून घेतलेले असत. ज्या घरी पानावर बसताना कुणी विचारी, "काय रे, गणित कसं चाललंय?" त्या घरचे अन्न त्याच्या अंगी लागे. जिथे नुसतेच वाढून ठेवलेले असे, तिथे पोट भरे, एवढेच. मुलगा तोच, भूकही तीच, फरक विचारणाऱ्याचा.

आज मी बोलणार आहे तो विषय वरवर पाहता यापासून फार लांबचा वाटेल. युरोपातले मोठे फुटबॉल क्लब आपल्या मधल्या फळीतील तरुण खेळाडूंना कसे घडवतात, हा तो विषय. त्यांच्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. मुलाला आपल्याच पहिल्या संघात उतरवायचे, ही एक. एखाद्या हंगामापुरते त्याला दुसऱ्या क्लबला उसने द्यायचे, ही दुसरी. या उसनवारीला तिकडे 'लोन' म्हणतात. यांतली कोणती वाट बरी, यावर तिथे वर्षानुवर्षे वाद चालतो. इतिहास काय सांगतो, ते आपण पाहू.

आता तुम्ही विचाराल, मधल्या फळीचीच गोष्ट का? आघाडीचा मुलगा शेवटची दहा मिनिटे मैदानात आला, दोनदा चुकला आणि तिसऱ्यांदा त्याने गोल केला, तर लोक त्याला खांद्यावर घेतात. मधल्या फळीतल्या मुलाचे तसे नाही. त्याच्या पुढे माणसे, मागे माणसे, दोन्ही बाजूंना माणसे. चेंडू पायाशी येण्याआधीच तो कुणाकडे द्यायचा हे त्याने हेरून ठेवलेले असावे लागते. तिथे एक चूक झाली की आपल्या गोलापर्यंतचा रस्ता मोकळा. ही नजर कवायतीने येत नाही. खऱ्या सामन्यात, खऱ्या दडपणाखाली, चुका करता करता ती येते. पण या चुकांची किंमत संघाला मोजावी लागते. ती कुणी मोजायची, हाच खरा प्रश्न आहे.

या इतिहासाची सुरुवात मँचेस्टरपासून करू. १९४५ साली मॅट बस्बी हा मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर झाला. खेळाडू विकत घेण्यापेक्षा शाळकरी वयातच मुले हेरावीत आणि वाढवावीत, असा त्याचा आणि त्याचा साहाय्यक जिमी मर्फी याचा बेत होता. १९५२–५३ च्या हंगामात इंग्लंडमध्ये तरुणांसाठी 'एफ. ए. यूथ कप' ही स्पर्धा सुरू झाली आणि पहिली पाचही वर्षे ती युनायटेडच्या मुलांनी जिंकली.

त्या मुलांत डडली गावचा डंकन एडवर्ड्स होता. तो हाफबॅक, म्हणजे आजच्या भाषेत मधल्या फळीचा खेळाडू. ४ एप्रिल १९५३ रोजी, वयाच्या १६ वर्षे १८५ दिवसांनी, तो कार्डिफ सिटीविरुद्ध पहिल्या संघातून खेळला. निकाल काय लागला? स्वतःच्याच मैदानावर युनायटेड १–४ असा हरला! कुठल्याही कादंबरीकाराने असे पदार्पण लिहिले नसते. पण बस्बीने त्या पराभवाचे खापर पोरावर फोडले नाही, आणि 'आता तू मोठा झालास' असे म्हणून त्याला मुलांच्या संघातून काढलेही नाही. दोन वर्षांनी, २ एप्रिल १९५५ ला, अठरा वर्षांचा एडवर्ड्स इंग्लंडकडून स्कॉटलंडविरुद्ध खेळला. इंग्लंडने ७–२ असा विजय मिळवला. आणि त्याच महिन्यात हा गडी पुन्हा यूथ कपच्या अंतिम सामन्यात आपल्या बरोबरीच्या पोरांत खेळताना दिसला. लोकांनी नाके मुरडली, देशाकडून खेळलेल्याला पोरांत कशाला उतरवता म्हणून. बस्बीचे मत बदलले नाही. एका हाताने वर ओढायचे आणि दुसऱ्या हाताने वयाच्या सोबत्यांत धरून ठेवायचे, ही ती रीत होती.

त्या काळचा एक नियम इथे ध्यानात घ्यायला हवा. इंग्लिश लीगमध्ये तेव्हा बदली खेळाडू नव्हते. अकरा उतरले की अकराच. कुणाचा पाय मोडला तर उरलेल्यांनी निभावायचे. म्हणजे पोराला 'दहा मिनिटे बघू' असे म्हणायची सोयच नव्हती. उतरवायचे तर पूर्ण नव्वद मिनिटे, नाहीतर राखीव संघात ठेवायचे. १९५५–५६ आणि १९५६–५७ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे युनायटेडने मिळवली, ती असा धोका पत्करून. पुढची हकीकत दुःखाची आहे. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकच्या विमानतळावर संघाचे विमान उडता उडता कोसळले. तेवीस माणसे गेली, त्यांत आठ खेळाडू. एडी कोलमन हा मधल्या फळीतला एडवर्ड्सचा जोडीदार जागीच गेला. एडवर्ड्स पंधरा दिवस झुंजला आणि २१ फेब्रुवारीला गेला. दोघांचीही वये एकवीस.

मग उसनवारी कुठून आली? त्याआधी खेळाडू क्लबच्या दावणीलाच बांधलेला असे. करार संपला तरी क्लबच्या परवानगीवाचून त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. जॉर्ज ईस्टहॅम नावाचा खेळाडू याविरुद्ध कोर्टात गेला आणि १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी या पद्धतीतला जाच गैर ठरवला. १९६५–६६ मध्ये जखमी खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेण्याची मुभा मिळाली, आणि पुढे ती कोणत्याही कारणासाठी मिळाली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात 'तात्पुरती बदली' म्हणून लोनची पद्धतही लीगने मान्य केली. पाहा बरे, दोन दारे जवळजवळ एकाच वेळी उघडली! घरच्या संघात मुलाला थोडा थोडा चाखवण्याचे एक, आणि त्याला परगावी पाठवण्याचे दुसरे.

ही दोन्ही दारे एकाच घरात कशी वापरली गेली, ते पुन्हा मँचेस्टरलाच दिसते. १९९५ च्या प्रारंभी युनायटेडचा मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन याने एकोणीस वर्षांच्या डेव्हिड बेकहॅमला प्रेस्टन या क्लबकडे धाडले. प्रेस्टन तेव्हा चौथ्या पायरीवरच्या विभागात खेळत होता. आपल्याला काढून टाकण्याची ही तयारी तर नव्हे, अशी धास्ती मुलाला वाटली होती. पुढे त्याने स्वतःच तसे सांगितले आहे. तिथे तो पाच सामने खेळला आणि दोन गोल केले. त्यांतला पहिला थेट कॉर्नरवरून! महिनाभरात तो परत आला आणि २ एप्रिलला लीड्सविरुद्ध युनायटेडकडून लीगचा पहिला सामना खेळला. त्याचाच सोबती पॉल स्कोल्स मात्र कधीही लोनवर गेला नाही. तो घरीच थांबला, लीग कपच्या सामन्यांतून हळूहळू पुढे आला आणि सप्टेंबर १९९४ मध्ये पोर्ट व्हेलविरुद्धच्या पदार्पणात त्याने दोन्ही गोल केले. एकाच घरातली, एकाच वयाची दोन पोरे. एकाला गावकुसाबाहेर पाठवले, दुसऱ्याला उंबऱ्याच्या आत ठेवले. प्रत्येकाला काय मानवेल, हे कुणीतरी पाहत होते.

१९९५ च्या उन्हाळ्यात फर्ग्युसनने पॉल इन्ससारखा मधल्या फळीचा आधारस्तंभ विकला आणि ती जागा पोरांसाठी मोकळी केली. १९ ऑगस्टला पहिल्याच सामन्यात ॲस्टन व्हिलाने त्यांना ३–१ असे हरवले. त्या रात्री दूरदर्शनवर ॲलन हॅन्सन या जाणत्या समीक्षकाने, पोरांच्या जोरावर काही जिंकता येत नसते, असा निर्वाळा दिला. हंगाम संपला तेव्हा लीग आणि एफ. ए. कप ही दोन्ही पदके युनायटेडकडे होती. पण हॅन्सन अगदीच चुकला असे म्हणू नये. त्या पोरांच्या भोवती श्मायकेल, ब्रूस, कीन, कँटोना अशी वडीलधारी मंडळी होती. घरात मोठी माणसे असली तरच लहानांच्या चुका खपतात.

आता परघरी वाढलेल्या मुलाची एक गोष्ट सांगतो. लुका मॉड्रिच हा क्रोएशियातल्या झादर भागातला. युद्धात आजोबा मारले गेले, घर सुटले, बालपण निर्वासितांच्या वस्तीत, हॉटेलांच्या खोल्यांत गेले. तो डिनामो झाग्रेब क्लबात आला, तेव्हा अंगाने इतका किरकोळ की हा मधल्या फळीत टिकेल कसा, हीच शंका. २००३ मध्ये क्लबने त्याला शेजारच्या बोस्नियातील मोस्तार शहरी, झ्रिन्स्की या संघाकडे लोनवर दिले. युद्धात पडलेला तिथला जुना पूल त्या वेळी पुन्हा बांधला जात होता. तिथला खेळ धसमुसळा. नाजूक पोराची गय नाही. अठरा वर्षांचा मॉड्रिच त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढचे लोन इंटर झाप्रेशिच या क्रोएशियातल्याच लहान संघाकडे, आणि तो संघ लीगमध्ये दुसरा आला. मग डिनामोने त्याला घरी बोलावून दीर्घ मुदतीचा करार केला. २०१८ साली क्रोएशिया विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोचला आणि त्याच वर्षी 'बालों दोर' हा मानाचा किताब मॉड्रिचला मिळाला. डिनामोत तेव्हा त्याला जागा नव्हती. तिथे राहिला असता तर बाकावर बसून राहिला असता. मोस्तारने त्याला नव्वद मिनिटे दिली आणि धक्के दिले. त्याला दोन्हींची गरज होती.

बार्सिलोनाने मात्र तिसरीच वाट काढली. स्पेनमध्ये मोठ्या क्लबचा दुसरा संघ खालच्या विभागांत खऱ्या लीगचे सामने खेळू शकतो. म्हणजे मुलगा परगावच्या दांडग्या, अनुभवी माणसांशी भिडतो, पण मुक्कामाला घरीच येतो! २००७–०८ मध्ये बार्सिलोनाचा हा दुसरा संघ चौथ्या पायरीवर होता. त्याला शिकवायला आला पेप ग्वार्दिओला. तो स्वतः तिथेच वाढलेला, आणि १९९० साली योहान क्रॉइफने त्याला पहिल्या संघात आणलेले. त्याच्या हाताखाली सेर्जियो बुस्केट्स नावाचा उंच, सडपातळ मुलगा मधल्या फळीत खेळे. पुढच्या वर्षी ग्वार्दिओला पहिल्या संघाचा मुख्य झाला. लीगचा पहिलाच सामना नुमान्सियासारख्या लहान संघाशी हरला. कुणीही अशा वेळी जुनी, खात्रीची माणसे उतरवील. त्याने १३ सप्टेंबर २००८ च्या दुसऱ्या सामन्यात बुस्केट्सला उतरवले. सामना बरोबरीत सुटला, टीका झाली, मुलगा संघात राहिला. त्या हंगामात बार्सिलोनाने तीन मोठी विजेतेपदे मिळवली आणि ११ जुलै २०१० ला बुस्केट्स स्पेनकडून विश्वचषक जिंकला. झावी, इनिएस्ता आणि बुस्केट्स, त्या अंतिम सामन्यातले हे तिघेही बार्सिलोनात वाढलेले. एकालाही क्लबने कधी उसने दिले नाही.

हे झाले उजळ पान. दुसऱ्या पानावर काय आहे, तेही पाहिले पाहिजे. एकविसाव्या शतकात काही श्रीमंत क्लबांनी लोनचे दुकानच मांडले. लंडनच्या चेल्सी क्लबचे तर काही हंगामांत तीसहून अधिक खेळाडू एकाच वेळी बाहेर गेलेले असत. सतरा–अठराचा मुलगा घ्यायचा, एक वर्ष हॉलंडात, एक वर्ष स्पेनमध्ये, एक वर्ष इंग्लंडातल्या दुसऱ्या विभागात, आणि शेवटी विकून टाकायचा. दरवर्षी नवे गाव, नवा मॅनेजर, खेळण्याची नवी रीत. ज्याला सोबत्यांच्या पायांची सवय व्हावी लागते, त्या मधल्या फळीच्या मुलाचे याने सर्वांत जास्त नुकसान होते. सतरा ते बावीस ही वर्षे एकदाच येतात. ती वखारीत ठेवायच्या मालासारखी वापरली तर पुन्हा मिळत नाहीत. अखेर जागतिक संघटना 'फिफा' हिने १ जुलै २०२२ पासून देशादेशांतील लोनवर बंधन घातले. एका क्लबने बाहेर देण्याच्या खेळाडूंची मर्यादा आधी आठ, मग सात आणि २०२४ पासून सहा. लोनची मुदत फार तर एक वर्ष. एकवीस वर्षांपर्यंतच्या आणि क्लबनेच वाढवलेल्या मुलांना यातून सूट ठेवली. म्हणजे शिक्षणाला मोकळीक आणि साठेबाजीला चाप, असा हेतू.

आणि गंमत पाहा, याच चेल्सीत मेसन माउंटचीही गोष्ट घडली. २०१७–१८ हे वर्ष हॉलंडच्या व्हितेसमध्ये, पुढचे डर्बीत. डर्बीचा मॅनेजर फ्रँक लँपार्ड. तो स्वतः १९९५–९६ मध्ये कोवळ्या वयात स्वान्सीला लोनवर जाऊन आलेला. २०१९ साली चेल्सीवर नवे खेळाडू घेण्याची बंदी आली. लँपार्ड तिथे मॅनेजर म्हणून गेला, आणि बाजारच बंद असल्यामुळे घरच्या पोरांकडे पाहणे भाग पडले. पहिल्या सामन्यात चेल्सी युनायटेडकडून ०–४ असा हरला. माउंट त्यात होता. तो संघात टिकला. २०२१ च्या मे महिन्यात चेल्सीने युरोपचे विजेतेपद मिळवले, तेव्हा विजयी गोलासाठी हावर्ट्झला चेंडू पुरवणारा माउंटच होता. बंदी आली नसती तर? तर कदाचित आणखी एक गाव, आणखी एक लोन.

तेव्हा श्रोतेहो, लोन बरे की घरची संधी बरी, या प्रश्नाला इतिहास सरळ उत्तर देत नाही. एडवर्ड्स घरी घडला, मॉड्रिच परक्या मुलखात, बेकहॅम एक महिना बाहेर जाऊन आला. पण नीट पाहिले तर या सगळ्यांत एक गोष्ट सारखी सापडते. एडवर्ड्सचे पदार्पण १–४, फर्ग्युसनच्या पोरांचे १–३, माउंटचे ०–४. पहिला निकाल प्रत्येक वेळी पोराच्या विरुद्ध गेला, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी वडीलधाऱ्या माणसाने त्याला दुसरा सामना दिला. पहिली संधी दैवानेही मिळते. बंदीमुळे मिळते, दुखापतीमुळे मिळते. दुसरी संधी मात्र माणूसच देतो.

मी शिक्षक आहे, म्हणून हे जरा जास्त जाणवते. पहिल्या चाचणीत नापास झालेल्या मुलाचे नाव आपण किती चटकन मनातून पुसतो! आपल्याकडच्या गल्लीगल्लीत, मैदानामैदानात मुले फुटबॉल खेळतात. त्यांत कुणीतरी मधोमध उभा राहून मान वर करून चेंडू वाटणारा असतोच. त्याने उद्या चेंडू गमावला आणि गोल झाला, तर त्याला बाहेर बसवण्याआधी घटकाभर थांबा. वार कुणाच्या घरी लागला, याला फारसे महत्त्व नाही. पानावर बसल्यावर त्याला 'कसं चाललंय?' असे विचारणारे कुणी आहे की नाही, एवढेच पाहायचे.