तेलाचा काटा

सेम्बावांग हे सिंगापूरचं उत्तरेकडचं टोक. समोर जोहोरची सामुद्रधुनी, पलीकडे मलेशिया. इंग्रजांनी आपला पूर्वेकडचा मोठा आरमारी तळ इथे बांधला. १४ फेब्रुवारी १९३८ ला किंग जॉर्ज सहाव्याच्या नावाच्या सुक्या गोदीचं थाटात उद्घाटन झालं, आणि चारच वर्षांनी, १५ फेब्रुवारी १९४२ ला, सिंगापूर पडलं. पुढे १९६८ मध्ये इंग्रज इथून निघायच्या तयारीला लागले तेव्हा त्यांनी ही गोदी नाममात्र एका डॉलरला सिंगापूरच्या ताब्यात दिली आणि तिचं सेम्बावांग शिपयार्ड झालं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझा धंदा. मी वंगणावर काम करणारा इंजिनिअर. पीएच.डी. झाली ती बेअरिंगमधल्या तेलाच्या थरावर, आणि पोट चालतं तेही त्याच थरावर. कामानिमित्त दुरुस्तीला आलेल्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये उतरावं लागतं. तिथे तेल आत जातानाचं तापमान, बाहेर येतानाचं तापमान, एकेका बेअरिंगचं तापमान, शिवाय क्रँककेसमध्ये तेलाची वाफ जमतेय का ते हुंगणारं एक वेगळं यंत्र. पेशंटला आयसीयूत ठेवतात तसं. मग बाहेर यावं तर फाटकाशी एक डिझेल लॉरी उभी असते. इंजिन तेच, डिझेलच. पण तिच्या डॅशबोर्डवर पाण्याच्या तापमानाचा काटा, डिझेलचा काटा आणि तेलाच्या नावाने फक्त एक लाल दिवा. तोही दाबाचा, तापमानाचा नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, जहाज कोट्यवधींचं, लॉरी ती काय! बरोबर आहे. पण उत्तर इतकं सरळ नाही, आणि त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

१८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगमधलं घर्षण मोजत होता. तेल घालायला त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं. यंत्र सुरू केलं तर तेल आत जायच्या ऐवजी भोकातून वर यायला लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं. मग लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकून बाहेर आली. शेवटी दाबाचा गेज लावला, तर बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड असताना काटा २०० च्याही पुढे जाऊन टेकला. म्हणजे फिरणारा आस धातूवर टेकलेलाच नव्हता, तो तेलावर तरंगत होता! १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने ह्याचं गणित मांडलं. आमच्या शाखेतली सगळी मंडळी आजही त्याच समीकरणावर जगतात.

त्या गणिताचा गाभा घरगुती भाषेत सांगायचा तर तेलाचा थर तीन गोष्टींवर उभा असतो. तेल किती दाट, आस किती जोरात फिरतोय आणि वरून भार किती. दाटपणा आणि वेग वाढला की थर जाड होतो, भार वाढला की पातळ. पण रेनॉल्ड्सच्या हे लगेच लक्षात आलं की ह्यातला दाटपणा स्थिर राहत नाही. ऑलिव्हचं तेल वेगवेगळ्या तापमानाला मोजून त्याने पाहिलं, की तापमान चढतं तसा दाटपणा भराभर कोसळतो. म्हणजे तेलाचं तापमान कळल्याशिवाय थराबद्दल काहीच सांगता येत नाही. हे १८८६ पासून माहीत आहे बरं का!

आपल्याकडच्या पिकअपमध्ये सर्रास वापरतात ते १५ डब्ल्यू-४० ऑईल घ्या. त्यातला ४० हा आकडा १०० अंश सेल्सिअसच्या दाटपणावरून येतो. तो दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या मध्ये बसला पाहिजे. हेच तेल ४० अंशाला साधारण ११० भरतं, १०० अंशाला १४-१५, आणि १३० ला गेलं की ८ च्या आसपास. १०० पासून फक्त ३० अंश वर, आणि दाटपणा जवळजवळ निम्मा! डब्यावरचा ४० बाकी ४० च राहतो. (इथे सेम्बावांगला गरम पाण्याचा झरा आहे. पाणी सुमारे ७० अंश, लोक त्यात अंडी उकडतात, आणि तेवढ्यालाच आपण ‘बाप रे’ म्हणतो.)

आता हेच गणित कसारा घाटात न्या. भिवंडीच्या गोदामातून माल भरून पिकअप नाशिककडे निघालाय, पासिंगपेक्षा अंमळ जास्तच भरलेला. कसारा ते इगतपुरी जवळपास ३०० मीटरची चढण. डिझेल वाचवायचं म्हणून ड्रायव्हर वरचाच गिअर दामटतो. इंजिनाचे फेरे कमी, म्हणजे वेग पडला. प्रत्येक स्फोटाचा जोर जास्त, म्हणजे भार वाढला. आणि चढणीवर तेल तापलेलं, म्हणजे दाटपणा गेला. रेनॉल्ड्सच्या तिन्ही गोष्टी एकाच वेळी उलट्या. जुने ड्रायव्हर ‘खालचा गिअर टाक, इंजिन ओढू नको’ असं का ओरडायचे, त्याचं उत्तर ह्या समीकरणात आहे. त्यांनी समीकरण पाहिलं नव्हतं, पण बेअरिंग गेलेली पुष्कळ पाहिली होती.

आणि ह्या वेळी पाण्याचा काटा काय सांगतो? बहुतेक वेळा, ठीक आहे. थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून पाणी आपल्या जागी धरून ठेवतात, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर ते उकळून, रेडिएटरचं झाकण फसफसून आपल्याला ओरडून सांगतं. मग क्लीनर बादली घेऊन धावतो. तेल असं काही करत नाही. ते उकळत नाही, फसफसत नाही, ते मुकाट्याने पातळ होत जातं. तापायलाही वेळ घेतं आणि निवायलाही. इगतपुरीला चहाला थांबेपर्यंत पाण्याचा काटा खाली आलेला असतो, तेल मात्र तापलेलंच असतं. मराठीत आपण ‘गाडी तापली’ म्हणतो तेव्हा पाणी तापलेलं असतं. तेल तापण्याला आपल्याकडे शब्दच नाही.

तेल तापण्याची दुसरी भानगड रसायनाची. तापमान दर १० अंशांनी वाढलं की तेल सडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ हिशेब आहे. ह्याचा पहिला मोठा फटका बसला तो अमेरिकेतल्या कॅटरपिलर ट्रॅक्टरना. १९३१ पासून त्यांची डिझेल इंजिनं शेतात आणि रस्त्यांच्या कामांवर उतरली, आणि थोड्याच काळात रिंगा पिस्टनच्या खाचांत चिकटून बसायला लागल्या. डिझेलचा पिस्टन पेट्रोलपेक्षा जास्त तापत होता आणि खाचेतलं तेल अक्षरशः करपत होतं. कढईच्या कडेला तेलाचा चिकट पिवळा थर बसतो ना, तसाच. कितीही उत्तम शुद्ध तेल घाला, उपयोग होईना. शेवटी १९३५ साली स्टँडर्ड ऑईल ऑफ कॅलिफोर्नियाने डेलो नावाचं तेल काढलं, त्यात साबणासारखं काम करणारं द्रव्य मिसळलेलं होतं. ते करपलेलं तेल आणि काजळी खाचेत बसू देत नाही, स्वतःत तरंगत ठेवतं. आजच्या प्रत्येक डिझेल ऑईलचा हा आजोबा. आणि म्हणूनच डिझेलचं ऑईल बदलल्यावर काही दिवसांतच काळं होतं. ‘भेसळीचं दिलं’ म्हणून दुकानदाराशी भांडू नका. काळं झालं म्हणजे ते काम करतंय.

पण लक्षात घ्या, इथेही कोणी काटा बसवला नाही. तेल सुधारलं आणि तापमान पुन्हा झाकलं गेलं.

मग जहाजांवर ते उघडं कसं झालं? त्याची तारीख ११ सप्टेंबर १९४७. ‘रेना देल पॅसिफिको’ हे १९३१ साली बेलफास्टला बांधलेलं, चार डिझेल इंजिनांचं प्रवासी जहाज. युद्धात सैन्य वाहून नेलं, मग दुरुस्तीला आलं, आणि दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी समुद्रात निघालं. एका इंजिनाचा एक पिस्टन भयंकर तापला. गरम धातूवर पडलेल्या तेलाची वाफ झाली, ती निवून तिचं धुकं झालं, आणि त्याच तापलेल्या जागेने ते पेटवलं. स्फोट एका इंजिनावरून चारही इंजिनांत पसरला. इंजिनरूममध्ये चाचणीसाठी दाटीवाटीने माणसं उभी होती. २८ जण गेले.

क्रँककेसचे स्फोट त्याआधीही होत असत, पण ह्या अपघाताची चौकशी झाली, संशोधन झालं, दाब बाहेर सोडणाऱ्या झडपा आल्या, धुकं ओळखणारी यंत्रं आली. आज २२५० किलोवॅटच्या वरच्या किंवा ३०० मिलिमीटरपेक्षा रुंद सिलिंडरच्या जहाजी इंजिनाला तेलाच्या धुक्यावर किंवा बेअरिंगच्या तापमानावर पहारा ठेवणारी यंत्रणा लागते, असा वर्गीकरण संस्थांचा नियम आहे. सुरुवातीला मी जो आयसीयू म्हटलं, तो असा आला. जहाज महाग आहे म्हणून नव्हे, माणसं मेली म्हणून.

पिकअपच्या इंजिनात असा स्फोट व्हायला तेवढी जागाच नसते. तिथे बेअरिंग जातं, क्रँक ओरखडतो, इंजिन बसतं. कोणी मरत नाही. चौकशी होत नाही. मिस्त्री इंजिन उतरवतो आणि म्हणतो, ‘ऑईल कमी असंल.’

आणि महाराष्ट्रात हे कोणाच्या वाट्याला येतं ते बघा. हँबुर्गच्या कंपनीचं नाव घेऊन फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो सुरू केली, आणि ‘टेम्पो’ हा मराठी शब्दच होऊन गेला. १९८६ ला टाटांची ४०७ आली, १९८८ ला टाटामोबाईल, २००५ ला एस. ह्या एसला लोकांनी लगेच ‘छोटा हत्ती’ करून टाकलं: दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल, ताकद १६ हॉर्सपॉवर. महिंद्राचा तर इंजिनांचा कारखानाच इगतपुरीला, घाटाच्या माथ्यावर. ह्या गाड्यांनी हजारो एकट्या-दुकट्या माणसांना धंदा दिला हे मान्यच करायला पाहिजे. गावाकडे माझा एक मामेभाऊ पिकअप चालवतो: गाडी एक, ड्रायव्हर तोच, मालक तोच आणि हप्ता दर महिन्याला. त्याचं इंजिन एकदा बसलं तेव्हा नुसत्या कामाचे पैसे गेले नाहीत, टोमॅटोचा अख्खा हंगाम गेला. तेलाचा लाल दिवा लागला होता का, असं मी त्याला फोनवर विचारलं. ‘लागला की, पण आवाज आल्यावर,’ म्हणाला. दिवा तेव्हाच लागतो! बेअरिंग झिजून फट वाढली, पातळ तेल त्यातून वाहून गेलं आणि दाब अगदी तळाला गेला, की मग तो पेटतो. तो इशारा नसतो, मयताची चिठ्ठी असते.

टर्बो आल्यावर तर तेलाचं काम आणखी वाढलं. पिस्टनच्या पोटावर खालून तेलाचे फवारे मारून त्याला निववायचं, टर्बोच्या दांड्याला सांभाळायचं. घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद केलं तर टर्बोतलं थांबलेलं तेल तिथेच करपतं. म्हणून बंद करण्याआधी मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवायला सांगतात. ह्याकरता बऱ्याच डिझेल गाड्यांत फिल्टरपाशी एक छोटा कूलर असतो, त्यात इंजिनाचं पाणीच तेलाला निववतं.

ह्या कूलरची एक गोष्ट अमेरिकेतली आहे आणि ती मला फार आवडते. फोर्डच्या मोठ्या पिकअपमध्ये २००३ पासून नॅव्हिस्टारने बनवलेलं ६ लिटरचं डिझेल येत होतं. त्यात तेलाच्या दाबावरच इंजेक्टर चालत, त्यामुळे कॉम्प्युटरला तेलाचं तापमान कळणं भागच होतं आणि सेन्सर बसवलेला होता. फक्त ड्रायव्हरला दाखवलेलं नव्हतं. त्याचा ऑईल कूलर आतून गाळाने तुंबत असे आणि मग पुढची मोडतोड सुरू होई. मालकांनीच स्कॅनर जोडून आकडे काढले आणि एक युक्ती शोधली. गाडी गरम होऊन सरळ रस्त्यावर चालत असताना तेल आणि पाणी ह्यांच्या तापमानात १५ अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे ८ अंश सेल्सिअसपेक्षा, जास्त फरक दिसला की समजायचं, कूलर तुंबलाय. दोन आकड्यांची वजाबाकी. कंपनीच्या डॅशबोर्डवर जे नव्हतं ते गाडीच्या हप्त्याची काळजी असलेल्या माणसांनी हुडकून काढलं.

मामेभावाला मी हे सांगितलं. आताच्या गाड्यांत स्टीअरिंगखाली जे सॉकेट असतं, त्याच्या प्रमाणित यादीत तेलाच्या तापमानाला एक स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे, ५सी. स्वस्तातलं उपकरण लावून मोबाईलवर तो विचारता येतो. काही गाड्या उत्तर देतात, काही गप्प बसतात, कारण आत सेन्सरच नसतो. त्याची गाडी गप्प बसली. मग त्याच्या मिस्त्रीने चेंबरच्या बोल्टच्या जागी बसणारा सेन्सर आणि एक साधा काट्याचा गेज आणून दिला. गेल्या महिन्यात तो माल भरून घाट चढला तेव्हा वरच्या गिअरला काटा १२४ वर गेला, आणि एक गिअर खाली टाकून फेरे वाढवले, पंप आणि पंखा जोरात फिरला, तेव्हा ११५ ला येऊन थांबला. आकडे त्याने मला व्हॉट्सअॅपवर पाठवले, खाली विचारलंय, ‘किती चालंल?’ मी १२० लिहून पाठवलं.