वाटीचे माप

गेल्या वर्षीची गोष्ट. सातवीच्या वर्गावर इतिहासाचा तास चालला होता. रायगडावरचा १६७४ सालचा राज्याभिषेक मी अगदी रंगात येऊन सांगत होते. सिंहासन, छत्र, दूरदूरचे पाहुणे, पंगती! एवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तेव्हा साध्या माणसांच्या घरी रात्री अचानक पाहुणे आले, तर बायका काय करायच्या?"

वर्ग हसला. मीही सवयीने म्हणाले, "पिठलं टाकत असतील, दुसरं काय!" वर्ग पुन्हा हसला, घंटा झाली आणि प्रसंग संपला. माझ्यापुरता मात्र तो संपला नाही. सनावळी चुकली तर फळ्यावरची पुसून दुरुस्त करता येते. हे उत्तर मी निव्वळ अंदाजाने ठोकून दिले होते आणि ते बरोबर की चूक हे पाहायचे कोठे, हेच मला ठाऊक नव्हते.

मी मॅट्रिक झालेली बाई. इतिहास शिकवते तो वाचनाच्या आधारावर आणि कादंबऱ्या लिहिते त्या कानांच्या आधारावर. तेव्हा शोध घ्यायचा म्हणजे गावच्या वाचनालयात जाऊन बसायचे आणि जाणत्यांना विचारायचे, एवढेच मला जमण्यासारखे होते. ते मी केले.

आपल्याकडे खाण्यापिण्याविषयी जुने ग्रंथ नाहीत असे मुळीच नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात 'अन्नभोग' म्हणून एक प्रकरणच आहे. आपले मांडे त्यात 'मंडक' या नावाने भेटतात, तेव्हा परक्या गावात नातलग भेटावा तसा आनंद होतो. पण ग्रंथाची दृष्टी राजाची. अन्न हा तेथे राजाच्या अनेक भोगांपैकी एक भोग आहे. पुढे सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने 'भोजनकुतूहल' लिहिले. त्याला तंजावरच्या मराठी दरबाराचा आश्रय होता. कोणते धान्य कोणाला मानवते, कशाचे गुण काय, दोष काय, याचा त्याने कसून विचार केला आहे. म्हणजे ही दृष्टी वैद्याची. त्याच तंजावरात पुढे दुसऱ्या सरफोजी राजांच्या नावाने 'शरभेंद्र पाकशास्त्र' मराठीत लिहिले गेले. ही दृष्टी मुदपाकखान्याची.

छापखाने आल्यावर १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' निघाले. नावात 'शास्त्र' आहे आणि लिहिणारे पुरुष आहेत. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' आले. येथे प्रथमच स्वयंपाक करणारी बाई स्वतः लेखणी हाती घेऊन दुसऱ्या बाईशी बोलते आहे असे मला वाटले. नावात 'शास्त्र' जाऊन 'मित्र' आला, हा फरक लहान नव्हे.

तरीही माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न शिल्लकच राहिला. राजाचे ताट लिहिले गेले, सणाचे लिहिले गेले, आजाऱ्याचे पथ्य लिहिले गेले. मग मंगळवारची रात्र का लिहिली गेली नाही? शेतावरून उशिरा आलेल्या बाईने दिवा लागल्यावर पाऊण तासात आठ माणसांपुढे काय वाढले, हे कोणी का टिपून ठेवले नाही?

याचे कारण फार दूर शोधायला नको. जिला ते येत होते तिला लिहिता येत नव्हते आणि ज्याला लिहिता येत होते त्याला ते आयते ताटात मिळत होते. दुसरे कारण असे, की लिहिण्याची गरजही कोणाला भासत नव्हती. लेक आईच्या शेजारी बसून भाजी निवडी, सून सासूच्या हाताखाली राबे. पाहता पाहता हात बसत असे. समोर बसलेल्या माणसाला कोणी पत्र लिहीत नाही. माणूस दूर गेले म्हणजे पत्राची गरज पडते.

हे दूर जाणे गेल्या शेदीडशे वर्षांत झाले. कोकणातून, घाटावरून पुरुष मुंबईच्या गिरण्यांत आले, ते बहुधा एकटे. त्यांना जेवू घातले ते गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांनी. एका खोलीत स्वतःचा संसार, त्याच खोलीत पाळीप्रमाणे जेवून जाणारे गडी, आणि चूल पहाटेपासून रात्रीपर्यंत पेटलेली. घाईच्या वेळचा आणि पुष्कळ माणसांचा, असा दोन्ही स्वयंपाक या बाया रोजच्या रोज करीत होत्या. संपाच्या दिवसांत त्यांनी कामगारांना उधारीवर जेवू घातले. कामगारांच्या संपाविषयी पुष्कळ लिहिले गेले. या चुलींविषयी त्या मानाने फार थोडे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना एकत्र आणले, तेव्हा कोठे त्यांचे काम हे 'काम' म्हणून जगाच्या नजरेस आले.

मग घरातल्या बाईलाच घराबाहेरचे घड्याळ लागले. शाळा, कचेरी, टेलिफोन, दवाखाना. संध्याकाळी सहा वाजता परतणाऱ्या बाईला सासू असलीच तर ती दूर गावी. १९५९ साली आपल्या देशात प्रेशर कुकर तयार होऊ लागले आणि तळाशी वरण, वर भात, त्यावर बटाटे अशी तीन मजली सोय हळूहळू घराघरांत आली. त्याच सुमारास मापेही बदलली. १९५८ पासून चार वर्षांत शेर, पावशेर, तोळा जाऊन किलो आणि ग्रॅम आले. ऐंशी तोळ्यांचा शेर ज्यांच्या हातात मुरला होता, त्या बायकांना बाजारात गोंधळल्यासारखे झाले असेल. धान्य मोजण्याची चिपटी, मापटी, पायल्या माळ्यावर गेल्या.

पण एक माप कोणत्याही सरकारला बदलता आले नाही. ते म्हणजे घरातली वाटी. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले आणि त्यात पदार्थांचे प्रमाण वाटी-चमच्याने दिलेले होते. गोष्ट साधी, पण मला ती फार मोठी वाटते. तराजू नसलेल्या बाईलाही त्या पुस्तकातले सगळे समजत होते. लग्न झालेल्या मुलींच्या सामानातून ते पुस्तक गावोगाव गेले, परदेशीही गेले. १९७३ साली 'कालनिर्णय' निघाले आणि पुढे त्याच्या पानांमागे पाककृती येऊ लागल्या. तेव्हापासून तर मंगळवारची रात्र भिंतीवरच्या खिळ्याला टांगली गेली.

येथवर ग्रंथांचा इतिहास झाला. आता माझ्या घरचा थोडा सांगते. कारण त्यावाचून या शोधात मी का पडले हे कळायचे नाही.

आमचे घर एस.टी.च्या थांब्याला लागून होते. मी नऊ-दहा वर्षांची असताना एका रात्री गाडी बंद पडली आणि एक अख्खे वऱ्हाड आमच्या ओसरीवर आले. सतरा माणसे, कोण कुठली, ठाऊक नाही. आईने एकदा ओसरीवर नजर टाकली आणि ती आत गेली. शेजारच्या दोघीजणी भाकऱ्या थापायला बसल्या. आईने मोठ्या पातेल्यात फोडणी टाकली, कांदा, लसूण, मिरची परतली, आधण ठेवले आणि डाळीचे पीठ पाण्यात कालवून त्यात सोडले. सव्वा तासात सगळे जेवायला बसले. पिठल्याचा मोठेपणा हाच की माणसे वाढली की पाणी वाढते आणि कोणाला कमी पडत नाही. आई सर्वांच्या मागून जेवली. पातेल्याच्या तळची खरवड काढून तिने भाकरीशी खाल्ली. नेहमीच तसे करी. तिला खरवड फार आवडते, असे आम्ही भावंडे समजत होतो.

नोकरी लागल्यावर मी तिला पुष्कळदा म्हटले, "आई, तुझं पिठलं एकदा लिहून दे." ती म्हणे, "त्यात काय लिहायचं? हाताला कळतं." मीही पुन्हा फारसे विचारले नाही. माझ्या कादंबरीतल्या बायकांचे मन जाणून घेण्यासाठी मी रात्री जागत होते आणि शेजारच्या खोलीतल्या बाईला विचारायचे तेवढे राहून गेले.

मग तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. संध्याकाळी शाळेतून आले की मी तिला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवी आणि तिच्यासमोर स्वयंपाक करी. वाटीने पीठ दाखवी. ती मान हलवी. पाण्याच्या वाट्या मोजू लागे. तिसरीनंतर ती डावा हात किंचित वर करी, म्हणजे अजून अर्धी. असे करता करता एक वाटी पिठाला साडेतीन वाट्या पाणी हे माप मला मिळाले. चारजणांना ते पुरते. पण अगदी शेवटी, पातेले उतरवण्याआधी ती त्यात काहीतरी टाकत असे. मी घरातला एकेक डबा तिच्यापुढे धरला. धने, जिरे, आमसूल, गूळ, तीळ. ती प्रत्येकाला नको म्हणे आणि तिच्या डोळ्यांत पाणी येई. मग मी डबे दाखवणे बंद केले.

एक दिवस मी मोठ्या प्रेमाने तिच्या ताटात खरवड वाढली. तिने ती डाव्या हाताने बाजूला सारली आणि मऊ पिठल्याकडे बोट दाखवले. त्या वेळी मला जे कळले, ते कोणत्या ग्रंथात शोधून सापडले नसते.

आई गेल्याला आता सहा वर्षे झाली. माझ्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारला, तो असा जखमेवर पडला होता. त्या प्रश्नाचे अर्धेमुर्धे उत्तर मी पुढे वर्गात दिले. हरभरा आपल्याकडे जुना, हे खरे. पण मिरची अमेरिकेतली. ती पोर्तुगिजांमार्फत सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. सोमेश्वराच्या काळी कोणी पिठल्यासारखे काही केले असेल, तर तिखटपणा मिऱ्यांचा आणि आल्याचा असेल. राज्याभिषेकाच्या काळी खेड्यातल्या एखाद्या घरी काय शिजले, हे मात्र मी ठामपणे सांगू शकत नाही. ते लिहिलेच गेले नाही, एवढे मी मुलांना सांगितले. शिक्षकाला असे सांगताना जड जाते. पण खोटे सांगण्यापेक्षा ते बरे.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुलांना नेहमीचा अभ्यास दिला नाही. घरातल्या सर्वांत वडील बाईपाशी बसायचे, घाईच्या वेळी ती काय करते ते वाटीच्या मापाने लिहून आणायचे, आणि शेवटी तिला विचारायचे, "तुला स्वतःला काय आवडतं?" मुलगे कुरकुरले, पण त्यांनीही लिहिले. एकेचाळीस वह्या आल्या. त्यांत खिचडी होती, कांदेपोहे होते, शेंगोळे होते, शिळ्या भाकरीचा कुस्करा होता. पिठले चौदा वह्यांत होते आणि कोणतीही दोन एकसारखी नव्हती. शेवटच्या प्रश्नापुढे मात्र बारा जणांनी एकच वाक्य लिहिले होते: आजी म्हणाली, मला काहीही चालतं.

त्या बारा जणांना मी वह्या परत दिल्या आणि पुन्हा विचारून यायला सांगितले.

एका वहीत लिहिले होते, की उतरवताना पळीभर आंबट ताक घालावे. मी त्या संध्याकाळी घरी जाऊन तसे करून पाहिले. चव आईची नव्हती. पण पिठले चांगले झाले होते. मी ते माझ्या वहीत उतरून घेतले. ताकाचे माप, अर्धी वाटी.