उन्हाचे चट्टे आणि एका जेलची परीक्षा

पेडणे-डिचोलीत शेतात, काजूबागांत राबणाऱ्या आपल्या माणसांच्या त्वचेत मेलॅनिन भरपूर, म्हणून ‘ॲक्टिनिक केराटोसिस’ आपल्याकडे कमी दिसतो. फार गोऱ्या किंवा अल्बिनिझम असलेल्यांना मात्र कपाळ, कान, टक्कल, हाताची पाठ येथे खरखरीत चट्टे उठतात. त्यांतील थोडेच पुढे कर्करोगात बदलतात. कोणते, हे आधी कळत नाही.

इंजेनॉल मेब्युटेट हे जेल त्यांच्यासाठीच निघाले. मूळ एका रानटी युफोर्बियाचा चीक. आपल्या कुंपणाचा शेर त्याच कुळातला. चाचणीत एका गटाला औषधी, दुसऱ्याला नुसते जेल दिले. चेहऱ्यावर, डोक्यावर तीनच दिवस लावायचे. सुमारे दोन महिन्यांनी औषधी गटातल्या ४२.२ टक्के रुग्णांचे त्या जागेवरील सर्व चट्टे गेले, दुसऱ्यात ३.७ टक्के. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

बँकेत असताना पहिले हप्ते वेळेवर आले की आम्ही निर्धास्त व्हायचो. खाते बुडायचे ते नंतर. इथेही तसेच. तीन वर्षे चाललेल्या तुलनेत हे जेल लावलेल्यांपैकी ३.३ टक्क्यांना त्वचेचा कर्करोग झाला, इमिक्विमॉड मलमाच्या गटात ०.४ टक्के. जानेवारी २०२० मध्ये युरोपीय औषध संस्थेने त्याचा वापर थांबवायला सांगितले.

चामखिळीवर शेराचा चीक लावण्याची जुनी सवय आम्हांला मान्य नाही. कातडी भाजते, डोळ्यात गेला तर इजा होते. महिनाभरात न जाणारा चट्टा बांबोळीला गोमेकॉच्या त्वचारोग विभागात दाखवावा.