चावीच्या घड्याळाची बखर

घड्याळ मनगटावर चढण्यापूर्वी आपल्याकडे काळ पाण्यात बुडत असे. तळाला बारीक छिद्र पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून तळाशी गेली की एक घटका झाली. घटका म्हणजे २४ मिनिटे, आणि अशा ६० घटकांची एक अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी मांडवात हे घटिकापात्र मांडीत. वाटी गेली, पण ‘घटकाभर बसा’ म्हणायची सवय काही गेली नाही.

आमचे राहू दौंड तालुक्यातले. भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांमधल्या या मुलखाला राहू बेट म्हणतात. मुलूख उसाचा आणि गुऱ्हाळांचा. गुऱ्हाळावरच्या गुळव्याला घड्याळ लागत नाही. काहिलीतला पाक थेंबभर पाण्यात सोडून त्याची गोळी होते की नाही, हे तो बोटांनी पाहतो आणि काहील उतरवायला सांगतो. अशा गावाला मिनिटांचा हिशेब शिकवला तो आगगाडीने. १८५८ साली पुण्याहून दिक्सळपर्यंत लोहमार्ग झाला, तो आमच्या जवळच्या केडगावावरून जातो. सूर्य वर आला म्हणून गाडी थांबत नाही, हे तेव्हा लोकांना कळले असणार.

मौज अशी की, त्या काळी आगगाडीचे घड्याळ मद्रासच्या वेळेवर चाले, आणि मुंबई शहर स्वतःच्या वेळेवर. दोहोंत अर्ध्या तासाचा फरक! १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशाला एक प्रमाणवेळ ठरली, तीही मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे. गिरणीकामगारांनी विरोध केला, कारण त्यांना त्यात तेवढा वेळ अगोदर कामावर बोलावणारा भोंगा ऐकू आला. मुंबईत जुनी वेळ काही ठिकाणी १९५५ पर्यंत टिकून होती. राहूचा सूर्यसुद्धा प्रमाणवेळेच्या अर्ध्या तासाहून थोडा मागेच आहे, पण सूर्याने कधी तक्रार केली नाही.

मनगटी घड्याळे आली ती स्वित्झर्लंडहून. वेस्ट एंड, फाव्हर-ल्यूबा ही नावे जुन्या पिढीच्या तोंडी असत. सामान्य माणसाच्या हाती घड्याळ आले ते एच. एम. टी.मुळे. बंगळूरचा हा सरकारी कारखाना १९५३ सालचा, यंत्रे बनविणारा. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने त्याने घड्याळे करावयास घेतली आणि १९६१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळे बाहेर आली. त्यांतले ‘जनता’ हे चावीचे घड्याळ खेड्यापाड्यांत पोचले. जावयाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ दिले की सासऱ्याची मान ताठ राहत असे.

असेच एक ‘जनता’ मी यंदा पुण्याच्या जुन्या बाजारात घेतले. तबकडी पिवळसर झालेली, काच ओरखडलेली. पण कानाशी धरले तर टिकटिक चालू. मात्र ते दिवसाला वीस मिनिटे पुढे पळे. मुंबई आणि प्रमाणवेळ यांच्यातले अंतर त्याने दोन दिवसांत कापले असते! तेव्हा ते घेऊन मी तालुक्यातल्या एका वयस्क कारागिराकडे गेलो. त्यांना सारे अण्णा म्हणतात.

अण्णांनी डोळ्याला भिंग लावले आणि मागचे झाकण उघडले. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेले आकडे होते : ३-७४, ११-८१, ५-९२. पूर्वीच्या कारागिरांनी दुरुस्तीच्या तारखा अशा लिहून ठेवल्या होत्या. इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला, पण एवढी आटोपशीर बखर मी पाहिली नव्हती. १९९२ नंतर एकही नोंद नाही. तोवर सेलची घड्याळे स्वस्त झाली होती. हे बिचारे बहुधा एखाद्या ट्रंकेत जाऊन पडले असावे.

“गुरुजी, हे पळतंय कशानं ते बघा,” अण्णा म्हणाले. आतल्या चक्राला केसासारखी बारीक गुंडाळलेली कमान असते. लोहचुंबकाचा असर झाला किंवा तेल लागले की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. कमान जणू आखूड होते आणि चक्र घाईने हेलकावते. अण्णांनी आधी मोठ्या कमानीतला ताण उतरवला, मग काटे, तबकडी, चक्रे एकेक करून काढली. जुने तेल डिंकासारखे घट्ट झाले होते. सारे भाग धुऊन, वाळवून, चुंबकत्व काढून त्यांनी पुन्हा जोडले. तेल द्यायचे तेही सुईच्या टोकावर मावेल एवढेच, ज्या खड्यांत चक्रांचे आस फिरतात तिथे. त्या केसासारख्या कमानीला मुळीच नाही. हे घड्याळ तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. एवढ्या कष्टात दिवसाकाठी अर्धे मिनिट इकडेतिकडे झाले, तर ती चूक २,८८० भागांत एक भाग!

तबकडीला नवा रंग द्यावा का, असे मी विचारले. अण्णा म्हणाले, “रंग दिला तर घड्याळ नवं दिसेल, पण मग ते हे घड्याळ राहणार नाही.”

चावीची दांडी मात्र गंजली होती. नवी कुठून आणायची? एच. एम. टी.चा घड्याळविभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ च्या जानेवारीत झाला. अण्णांनी पत्र्याचा डबा काढला. त्यात बंद पडलेली घड्याळे होती. त्यांतल्या एकाची दांडी त्यांनी काढली. त्या घड्याळाच्या पाठीवर कोरले होते, ‘विवाहानिमित्त, १९७६’. कुणाचे तरी लग्नातले घड्याळ माझे घड्याळ चालावे म्हणून उघडले गेले. अण्णा ते झाकण पुसून पुन्हा डब्यात ठेवीत म्हणाले, “हे कुणी मागायला येईल असं वाटत नाही, पण फेकवतही नाही.”

वाचकहो, डबा एक दिवस रिकामा होईल, याची मला फारशी चिंता नाही. दांडी कुठल्याही चांगल्या लेथवर कातता येईल. पण अण्णांचा हात आता थरथरतो आणि त्यांच्या शेजारचे स्टूल कित्येक वर्षे रिकामे आहे. त्यावर बसून शिकायला कुणी येत नाही. गुळव्याची गोळी आणि कारागिराचा कान पुस्तकात उतरत नाहीत; ते माणसाकडून माणसाकडेच जातात. दिवाळीच्या सफाईत माळ्यावरच्या ट्रंका उघडतीलच. त्यांत एखादे चावीचे घड्याळ सापडले तर भंगारात टाकू नका. गावातल्या कारागिराकडे न्या, आणि शक्य झाले तर घरातल्या एखाद्या मुलाला बरोबर न्या. ते रिकामे स्टूल त्याच्या उंचीचेच आहे.